परतवारीनंतरची तलफ

आषाढी एकादशीनंतर पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव येथे परतवारी भरते. पंढरपूरहून आलेले वारकरी कयाधूच्या काठी, संत नामदेवांच्या जन्मगावी दर्शन घेतात आणि आपापल्या घरी जातात. त्यानंतरच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या काही घरांत जे घडते, त्याची चर्चा उंबरठ्याबाहेर फारशी होत नाही. वारीला निघताना ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली, जो महिनाभर दारूला शिवला नाही, ज्याच्या तोंडाला वास येत नाही म्हणून बायको-मुले सुखावली होती, तो गावात परतल्यावर चार-आठ दिवसांत पुन्हा पिऊन येतो. सगळ्यांचे असे होत नाही. पण ज्याचे होते, त्याच्याविषयी गावाचा निकाल ठरलेला असतो : मनच कच्चे, माळेचीही लाज राखली नाही.

हा निकाल अर्धवट आहे. वारीत याच माणसाचे मन पक्के होते. चालून पाय सुजले, पावसात भिजला, कुणाच्या ओसरीत झोपला, तरी त्याने बाटली मागितली नाही. मग मन गावाच्या वेशीवर येऊनच कच्चे कसे झाले? मधल्या काळात बदलली ती जागा. दारू, तंबाखू, अफू किंवा दवाखान्यातले औषध शरीरात जाते तेव्हा शरीर केवळ त्या पदार्थाचा परिणाम भोगत नाही. तो कुठे, केव्हा, कुणाबरोबर घेतला हेही ते नोंदवून ठेवते आणि पुढच्या वेळी ती जागा दिसताच आधीपासून तयारीला लागते. शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत असलेली ही गोष्ट वैद्यकीय शिक्षणात एका तासात शिकवली जाते आणि रुग्णाला घरी सोडताना मात्र कुणालाच आठवत नाही.

पावलॉव्हचा घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत आहे. त्याच्याच एका सहकाऱ्याने पाहिलेली दुसरी गोष्ट औषधांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कुत्र्यांना मॉर्फिनचे इंजेक्शन दिले की त्यांना मळमळ होई, लाळ सुटे, उलटी होई आणि मग झोप लागे. काही दिवस रोज इंजेक्शन दिल्यावर, सुई टोचण्याच्या आधीच, केवळ तयारी दिसताच कुत्र्यांना हे सगळे होऊ लागले. औषध अजून शरीराबाहेर होते, पण शरीराने आपले काम सुरू केले होते.

पुढच्या संशोधनात याहून गुंतागुंतीचे काही दिसले. अनेकदा शरीर औषधाच्या परिणामाची नक्कल करत नाही, त्याच्या उलट काम करते. दारू शरीराचे तापमान उतरवते, म्हणून नेहमीच्या जागी नेहमीच्या वेळी शरीर ते आधीच चढवू लागते. अफूवर्गीय औषध वेदना दाबते, श्वास मंदावते, म्हणून शरीर त्याच्या विरुद्ध बाजूला जोर लावते. पूर येणार हे कळल्यावर शेतकरी बांधाला माती लावतो, तसे हे आहे. पूर आला तर बांध तोलून धरतो, म्हणजे तेवढ्याच दारूने पूर्वीइतकी झिंग येत नाही आणि माणूस एकाची दोन क्वार्टर करतो. यालाच टॉलरन्स म्हणतात. पण बांध घातला आणि पूर आलाच नाही तर? दारू पोटात नाही आणि शरीर मात्र तिच्या विरुद्ध ताणलेले. अस्वस्थपणा, घाम, हाताला कंप, छातीत धडधड, आणि एकच उपाय समोर दिसणे. मराठीत यासाठी ‘तलफ’ हा नेमका शब्द आहे.

मोंढ्यात हळद विकून आडत्याकडून पट्टी घेतलेल्या माणसाला नेमके काय होते, ते या उजेडात पाहावे. हिंगोली आणि वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ. पैसे हाती आले, सोबत नेहमीचा जोडीदार, दिवेलागणीची वेळ, रस्त्याचे ठरावीक वळण आणि वळणावर ठरावीक दुकान. गेली दहा-पंधरा वर्षे या पाच गोष्टींनंतर दारू आलेली आहे. पाचवी गोष्ट दिसेपर्यंत शरीर तयारीच्या वरच्या पायरीवर पोहोचलेले असते. त्या क्षणी ‘नको’ म्हणणे वारीच्या वाटेवर ‘नको’ म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण वारीच्या वाटेवर या पाचांपैकी एकही नव्हते. तंबाखूचे तर त्याहून सोपे उदाहरण आहे. चुन्याची डबी उघडली, तळहातावर अंगठा फिरू लागला की अर्धे समाधान तिथेच मिळते. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांना विचारा, जेवणानंतर रिकामा तळहात किती दिवस छळत होता.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९७० च्या दशकापासून हे प्रयोगांनी दाखवून दिले. त्यांचा १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग प्रत्येक डॉक्टरने आणि व्यसनी माणसाच्या प्रत्येक नातेवाइकाने जाणून घ्यावा असा आहे. उंदरांना वाढत जाणाऱ्या मात्रेत हेरॉइन दिले गेले, पण ठरावीक खोलीतच. दुसऱ्या खोलीत त्यांना साधे साखरेचे द्रावण टोचले जाई. शेवटी सगळ्यांना एक मोठी मात्रा दिली : काहींना हेरॉइनच्या नेहमीच्या खोलीत, काहींना दुसऱ्या. पूर्वी कधीच हेरॉइन न घेतलेल्या उंदरांपैकी ९६ टक्के दगावले. सवयीच्या खोलीत मात्रा मिळालेल्यांपैकी ३२ टक्के दगावले. आणि जे तितकेच सवयीचे होते पण ज्यांना मात्रा परक्या खोलीत मिळाली, त्यांच्यापैकी ६४ टक्के. औषध तेच, मात्रा तीच, सवयही तेवढीच. फरक फक्त खोलीचा, आणि मृत्यू दुप्पट.

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. सीगल यांनी हेरॉइनच्या अतिमात्रेतून वाचलेल्या दहा जणांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांतल्या सात जणांनी सांगितले की त्या दिवशी जागा किंवा घेण्याची पद्धत नेहमीची नव्हती. दहा ही संख्या लहान आहे आणि आठवणीही फसव्या असतात, म्हणून एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. दारूबाबत मात्र माणसांवर सौम्य प्रयोग झाले आहेत. ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना ओळखीची बिअर दिली आणि काहींना तेवढेच अल्कोहोल असलेले, पेपरमिंटच्या चवीचे निळे पेय. निळे पेय घेणारे चाचण्यांत अधिक अडखळले. चव ओळखीची नव्हती, म्हणून शरीराने बांध घातला नव्हता. ‘मला चढत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारा माणूस परगावच्या लग्नात, वेगळ्या वेळी, वेगळे काही पिऊन मोटारसायकलवर बसतो तेव्हा तो अनुभव आपल्या गावच्या गुत्त्याचा सांगत असतो. परगावात तो चालेलच असे नाही.

उलट दिशेने घडलेली सर्वांत मोठी घटना व्हिएतनाम युद्धाची. १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन इतके पसरले होते की सरकारने परतण्यापूर्वी लघवी तपासणी सक्तीची केली. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. सुमारे पाचातल्या एकाने आपण तिथे व्यसनाधीन होतो असे सांगितले. मायदेशी हजारो व्यसनी येऊन पडणार अशी भीती होती. प्रत्यक्षात, जे तिथे व्यसनाधीन झाले होते त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनात अडकले, तीन वर्षांत बारा टक्के. त्या काळी अमेरिकेतल्या उपचार केंद्रांतून बाहेर पडणारे बहुतेक रुग्ण लवकरच पुन्हा घेऊ लागत. सैनिकांच्या बाबतीत हेरॉइनची किंमत, मिळण्यातली अडचण, कुटुंब, नोकरी अशी अनेक कारणे होती, सगळे श्रेय जागेला देणे चूक ठरेल. पण व्यसनाच्या सगळ्या खुणा, म्हणजे ती बराक, ती उष्णता, ते सोबती, समुद्रापलीकडे राहिल्या, हे कारण त्यांत नक्कीच होते.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटणाऱ्या माणसाची गोष्ट याच्या नेमकी उलट असते. तो परक्या जागी व्यसन सोडतो आणि ज्या जागी ते लागले तिथे परत येतो. वारकऱ्याचेही तेच. जाताना पायी कित्येक आठवडे, येताना बहुतेकांना एसटीची एक रात्र. काल चंद्रभागेचे वाळवंट, आज सकाळी गावचा फाटा. शरीराला मधली पायरी मिळतच नाही.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. महिनाभर प्यायली नाही म्हणजे शरीर जुने शिकलेले विसरले, असे सगळ्यांना वाटते. स्वतः पिणाऱ्यालाही वाटते. प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या प्रयोगांतून दिसते ते वेगळे. जुने शिकलेले पुसले जात नाही. त्याच्यावर नवे शिकलेले बसते, आणि हे नवे शिकणे ज्या जागी झाले त्या जागेला चिकटून राहते. केंद्रातल्या वॉर्डात माणूस ‘दारूशिवाय राहणे’ शिकतो, पण ते वॉर्डात राहणे असते. वारीत तो वारीत राहणे शिकतो. जुन्या वळणावर आला की जुना धडा पुन्हा वर येतो, जणू मधला महिना नव्हताच. म्हणून ‘केंद्रात एवढे चांगले होते हो, घरी आणले आणि बिघडले’ ही घरच्यांची तक्रार तंतोतंत खरी असते. त्यात केंद्राचा दोष नसतो आणि घराचाही नसतो. धडा ज्या ठिकाणी उपयोगी पडायचा होता, तिथे तो शिकवलाच गेला नव्हता.

तरीही परतवारीनंतर काही माणसे टिकतात, कायमची टिकतात. त्यांचे काय होते, हे श्रद्धेच्या अंगाने अनेकांनी सांगितले आहे. वैद्यकाच्या अंगाने पाहिले तर त्यांच्या दिनक्रमात एक गोष्ट ठळक दिसते. गावात संध्याकाळी हरिपाठ असतो. म्हणजे दुकानाचे दार भरते त्याच वेळी, त्याच गावात, ओळखीच्याच माणसांबरोबर दुसरे काही सुरू असते. रोज. पंधरा दिवसांनी एकादशी येते, तिच्या आदल्या दिवशीपासून घर सावध असते. गळ्यातली माळ हाताला लागते तीसुद्धा खूणच आहे, आणि ती दुकानाच्या वळणावरही सोबत असते. हा माणूस नवा धडा जुन्या जागी गिरवतो आहे. त्याला टाळ हवा की कबड्डीचे मैदान, ग्रंथालय की शेजारच्याची गप्पांची ओसरी, हा प्रश्न त्याच्या आवडीचा. वेळ मात्र तीच हवी आणि गावही तेच. सकाळी सात वाजता केलेला प्राणायाम संध्याकाळच्या सात वाजताच्या तलफेला फारसा उपयोगी पडत नाही, कितीही मनापासून केला तरी.

महाराष्ट्राला हे अगदीच नवे नाही. पुण्यात १९८६ साली अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हा मुंबई-पुण्यात गर्दने तरुण पोरे घेरली होती. गर्द घेणाऱ्यांना चांदीचा कागद, काडेपेटी, लिंबू दिसले तरी पोटात ढवळून येई, हे तिथल्या कार्यकर्त्यांना पुस्तकाबाहेर कळले होते. राहून घेतलेल्या उपचारांनंतरचा पाठपुरावा, घरच्यांचे वेगळे गट आणि गावोगावची केंद्रे हा त्यांच्या कामाचा भाग झाला तो यामुळेच. पुणे-मुंबईतल्या रुग्णाला हे मिळू शकते. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीतल्या रुग्णाला केंद्र मिळते ते गावापासून दूर, आणि सुटी झाल्यावर त्याच्या हातात पडते ते कार्ड : निदान, गोळ्यांची नावे, मात्रा, एक महिन्याने दाखवा. एक महिन्याने! घसरण होते ती पहिल्या आठवड्यात. सरकारी रुग्णालयांनी आणि केंद्रांनी हे कार्ड बदलायला हवे. त्यावर गोळीच्या मात्रेइतक्याच स्पष्टपणे लिहिलेले असावे की हा माणूस कुठे पीत होता, कुणाबरोबर, किती वाजता, कोणत्या वाराला, आणि त्या वेळी आता त्याच्यासोबत कोण असणार आहे. पाच मिनिटांचे काम आहे. ते होत नाही, कारण ते औषध वाटत नाही.

शिवाय सुटीच्या आधीच रुग्णाला एक-दोन वेळा घरी पाठवून परत बोलावणे, पहिल्या आठवड्यात गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात भेट ठरवणे, आशाताईंना आणि घरच्यांना विश्वासात घेणे हे सगळे नव्या इमारतीशिवाय होऊ शकते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे नाल्ट्रेक्सोनसारखी तलफ कमी करणारी औषधे लिहून घेता येतात. ती उपयोगी आहेत, पण ती तलफेचा आवाज कमी करतात, तिचा पत्ता बदलत नाहीत.

औषधांचा विषय निघाला आहे तर गावोगाव भिंतीवर रंगवलेल्या एका जाहिरातीबद्दल. ‘न सांगता दारू सोडवा’, जेवणात पावडर मिसळा, पिणाऱ्याला कळणारही नाही. अशा पुड्यांत काय असते ते विकणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिराम नावाचे एक अधिकृत औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. हे औषध मुख्यतः काम करते ते माणसाला माहीत असते म्हणून : आज गोळी घेतली आहे, आज पिता येणार नाही. न सांगता दिले तर ही माहितीच निघून जाते, उरतो तो फक्त धोका. नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बाईने नाइलाजाने असे केले तर तिला दोष देता येणार नाही. पण भिंत रंगवणाऱ्याला द्यायलाच हवा.

व्यसनाबाहेरही जागेचा हा हिशेब चालू असतो. केमोथेरपीच्या काही रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत इंजेक्शनच्या आधीच उलट्या सुरू होतात. रुग्णालयाचे फाटक, स्पिरिटचा वास, सलाईनच्या बाटलीचा रंग एवढे पुरते. कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे एसटीने निघालेले असतात आणि शहर जवळ येताच मळमळू लागते. ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे त्यांना सांगणे निर्दयपणाचे आहे. पावलॉव्हच्या कुत्र्यांचे जे झाले तेच हे. एकदा हे शिकणे पक्के झाले की नेहमीची उलटीची औषधे त्यावर नीट चालत नाहीत, म्हणून खरा उपाय पहिल्याच फेरीपासून उलटी होऊच न देणे हा आहे. उलटीवरच्या चांगल्या औषधाला पहिल्या वेळी कंजुषी करू नये, आणि ‘बघू, त्रास झाला तर देऊ’ असे तर मुळीच म्हणू नये.

घरी मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णांच्या कुटुंबांनाही थोडे सांगायला हवे. सीगल आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९८६ साली एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला काही आठवडे अंधाऱ्या शयनगृहातच मॉर्फिनचे इंजेक्शन मिळत होते. एके दिवशी तो उजेडाच्या बैठकीच्या खोलीत असताना तीच मात्रा दिली गेली आणि त्यात अतिमात्रेची लक्षणे दिसून तो दगावला. एका नोंदीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. रुग्ण खंगलेला होता. यावरून कुणी मॉर्फिन बंद करू नये, वेदनेत तळमळणाऱ्या माणसाचे ते मोठे आधाराचे औषध आहे. पण रुग्णाला मुलाकडून मुलीकडे, गावातून शहरात हलवायचे असेल तर पहिले एक-दोन दिवस त्याच्याजवळ कुणी जागे असावे, श्वास आणि गुंगी यांच्यावर लक्ष ठेवावे आणि आपण जागा बदलतो आहोत हे डॉक्टरांना आधी कळवावे.

आणि गावागावांत ‘सलाईन लावा’ म्हणून हटून बसणारे रुग्ण? त्यांनाही बाटली लटकलेली दिसली की बरे वाटू लागते, ते खोटे नसते. पूर्वीच्या प्रत्येक आजारात बरे होणे त्या बाटलीनंतरच आलेले असते. इटलीतल्या फाब्रित्सिओ बेनेडेट्टी यांनी दाखवले आहे की वेदनाशामक औषध रुग्णाच्या नकळत यंत्राने दिले तर ते समोर देऊन दिलेल्या औषधापेक्षा कमी काम करते. डॉक्टरांनी याचा उपयोग बोलण्यात, धीर देण्यात करावा. गरज नसलेल्या सलाईनचे चारशे रुपये त्यातून काढू नयेत.

दारूकडे परत येऊ. गावातले दुकान बंद करण्याची मागणी बाया करतात तेव्हा ‘ज्याला प्यायची तो शेजारच्या गावात जाऊन पिईल’ असा टोमणा ठरलेला असतो. काही जण जातीलही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथे दारू पोहोचतेच आणि तिच्याशी रोज झगडावे लागते. पण आठ किलोमीटरवरचे दुकान आणि देवळाच्या वाटेवरचे दुकान यांत शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे. पहिल्यासाठी ठरवून जावे लागते. दुसरे न ठरवताच समोर येते, दिवसातून चार वेळा, आणि चारही वेळा नुकत्याच सुटलेल्या माणसाच्या शरीरात तलफ उठवते. आडव्या बाटलीला मत देणारी बाई या भाषेत बोलत नसेल, पण तिला हे नेमके माहीत असते. ज्या पंचायतीला बंदीचा पूर्ण रस्ता झेपत नाही तिने किमान देऊळ, शाळा, बसथांबा आणि मोंढ्याचा रस्ता यांच्यासमोरची दुकाने हलवण्यापासून सुरुवात करावी.

पुढच्या आषाढात माळ घालण्याचे कुणाच्या मनात असेल तर दोन गोष्टी आताच ठरवाव्यात. जो रोज सकाळपासून पितो, ज्याचे हात प्याल्याशिवाय थरथरतात, त्याने एकदम सोडून थेट दिंडीत चालू लागणे धोक्याचे आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, भास, ताप यांनी जीव धोक्यात येऊ शकतो. अशा माणसाने निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी जिल्हा रुग्णालयात दाखवून, औषधांच्या आधाराने दारू थांबवावी आणि मग माळ घालावी. दिंडीसोबतच्या वैद्यकीय पथकालाही हे माहीत असू द्यावे.

दुसरी गोष्ट परतल्यानंतरची. महिनाभराच्या खंडाने शरीराची पचवण्याची ताकद उतरलेली असते, तेव्हा घसरलेल्या माणसाने पूर्वीच्या हिशेबाने पिणे वेगळाच धोका आणते. अफू-हेरॉइनच्या बाबतीत तर हा काळ प्राणघातक असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट निघाला होता. म्हणून घसरला तर मारझोड, उपास, घराबाहेर काढणे यांऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलतो.

न घसरलेल्या माणसाने पहिले काही आठवडे वळणाचा रस्ता सोडावा, पट्टीचे पैसे हातात घेऊ नयेत, बाजाराच्या दिवशी एकट्याने जाऊ नये. पण कायमचे असे जगता येत नाही, गाव एवढेसे असते. थोडी मजबुती आल्यावर त्याला त्याच रस्त्याने न्यावे, दिवेलागणीलाच, भावाने किंवा मित्राने सोबत राहून, न थांबता दुकानापुढून घरी. पहिल्या दिवशी तळहाताला घाम येईल. तसाच घरी येऊन चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.